पलीकडच्या खोलीतला संगणक दिसत का नाही?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एकाच घरात दोन संगणक. एक टेबलावरचा, जुना. दुसरा मुलाचा किंवा सुनेचा लॅपटॉप. दोन्हींवर इंटरनेट छान चालतं. टोरांटोतल्या भाचीचा चेहरा पडद्यावर लख्ख दिसतो, तिच्या मागच्या खिडकीतला बर्फही दिसतो. पण पलीकडच्या खोलीतला संगणक मात्र काही केल्या दिसत नाही. 'नेटवर्क' या चित्रावर क्लिक करावं तर आत रिकामा पांढरा पडदा, नाहीतर 'मार्ग सापडला नाही' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप आणि त्याखाली शून्यांनी भरलेला एक अगम्य क्रमांक. मग घरातला पेन ड्राइव्ह शोधायला सुरुवात होते.

पेन ड्राइव्हचा उपाय वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकदाच काहीतरी न्यायचं असेल तर नेटवर्कच्या भानगडीत पडू नका. पण तीच फाइल दोन ठिकाणी रोज लागत असेल, तर पेन ड्राइव्हमुळे तिच्या दोन प्रती होतात, दोन्हींत थोडे थोडे बदल होतात, आणि आठवड्याभरात खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या आतोबांचं नेमकं हेच झालं होतं.

आतोबा त्यांच्या सोसायटीचे खजिनदार. देखभालखर्च, पाण्याचे टँकर, लिफ्टची दुरुस्ती, कोणाकडून किती येणं, असे पंधरा वर्षांचे हिशेब त्यांच्या माडीवरच्या जुन्या संगणकात. आतेभावाने खाली दिवाणखान्यात नवा लॅपटॉप आणून ठेवला, कारण आतोबांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. वार्षिक सभा चार दिवसांवर आलेली, थकबाकीची यादी दोन प्रतींत दोन वेगळे आकडे दाखवणारी, आणि लॅपटॉपला माडीवरचा संगणक सापडत नव्हता. त्याआधी ओळखीतला एक जाणता मुलगा येऊन दोन तास खटपट करून गेला होता. त्याने फायरवॉल बंद केली, जुन्या संगणकाचा अख्खा सी ड्राइव्ह 'सर्वांना, पूर्ण हक्क' असा खुला केला, आणि एवढं करूनही जमलं नाही तेव्हा "काका, तुमचा संगणकच जुना झालाय" असं सांगून निघून गेला. गंमत म्हणजे मूळ अडचण त्याने हात लावलेल्या एकाही जागी नव्हती.

ही फक्त आतोबांची कथा नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावरची फाइल उघडणं हे दिसायला एक काम असलं तरी त्यात एकामागोमाग एक चार-पाच दारं असतात. दोघे एकाच नेटवर्कवर हवेत. एकाला दुसऱ्याचा पत्ता कळायला हवा. दुसऱ्याच्या राखणदाराने आत सोडायला हवं. आत गेल्यावर ओळख पटायला हवी. आणि ओळख पटल्यावरही त्या फोल्डरला हात लावण्याची परवानगी हवी. यातलं पहिलंच दार बंद असताना पाचव्या दाराच्या कुलपाशी कितीही झगडलं तरी उपयोग नाही. उलट ते कुलूप मात्र मोडून पडतं, आणि ते मोडलं आहे हे नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

म्हणून सुरुवात पहिल्या दारापासून. दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का? तुम्ही म्हणाल, अहो, एकच तर वायफाय आहे घरात. आतोबाही हेच म्हणाले. पण हे डोळ्यांनी ठरत नाही, पत्त्याने ठरतं. विंडोजची खूण असलेली कळ आणि आर ही अक्षरकळ एकदम दाबा, येणाऱ्या छोट्या चौकटीत सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबलं की बऱ्याच ओळी येतात. त्यांत 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर टिंबांनी तोडलेल्या चार संख्या. हा त्या संगणकाचा घरातला पत्ता. दोन्ही संगणकांवर हे करा आणि दोन्ही पत्ते कागदावर लिहा. कागदावरच लिहा. जिना उतरेपर्यंत मी स्वतः ते आकडे विसरलेलो आहे.

घरातले पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. हे आकडे जगभर सगळ्या घरांत सारखेच का, असा प्रश्न पडला असेल तर त्याचं उत्तर असं, की घरं आणि कचेऱ्या यांच्या अंतर्गत वापरासाठी पत्त्यांचे काही गट १९९६ मध्ये कायमचे राखून ठेवले गेले. जसा 'खोली क्रमांक २' प्रत्येक चाळीत असतो, तसाच हा प्रकार. आपल्या कामाचा भाग असा, की साधारण घरगुती राउटरवर पहिल्या तीन संख्या दोन्ही संगणकांवर सारख्या हव्यात आणि शेवटची वेगळी हवी. आतोबांच्या लॅपटॉपचा पत्ता निघाला १९२.१६८.१.७ आणि माडीवरच्या संगणकाचा १९२.१६८.०.१०२. तिसरी संख्या वेगळी. म्हणजे दोन खोल्या नव्हेत, दोन वेगळ्या चाळी.

हे कसं झालं? इंटरनेट कंपनीच्या माणसाने खाली दाराशी फायबरचा डबा बसवला होता. त्यातच वायफाय होतं. ते माडीवर नीट पोचेना म्हणून आतेभावाने एक जादा राउटर आणला आणि खालून वायर नेऊन माडीवर जोडला. आजकाल घरोघरी अशी रचना असते. पण दुसरा राउटर नुसता खोक्यातून काढून जोडला की तो स्वतःलाही राउटरच समजतो. वरच्या मजल्यावर तो आपलं वेगळं नेटवर्क थाटतो आणि दाराशी राखण करत बसतो. आतल्या माणसाला बाहेर जाऊ देतो, बाहेरच्याला आत येऊ देत नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालतं ते यामुळेच. आणि म्हणूनच अशा घरांत कधी कधी एक चमत्कारिक लक्षण दिसतं: वरच्या संगणकावरून खालचा उघडतो, खालून वरचा मात्र उघडत नाही. असं एकतर्फी दिसणं आढळलं, की दुसऱ्या राउटरवर पहिला संशय घ्यावा.

इलाज सोपा असतो. बऱ्याच राउटरांच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' असा पर्याय असतो. तो निवडला की दुसरा राउटर आपला कारभार सोडतो आणि पहिल्याच नेटवर्कची लांबवलेली फांदी होतो. तो पर्याय नसेल तर त्याचं पत्तेवाटपाचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं आणि खालून आलेली वायर वेगळ्या रंगाच्या 'वॅन' या छिद्रातून काढून शेजारच्या 'लॅन' छिद्रात घालायची. मात्र त्याआधी त्या राउटरला खालच्या डब्याच्या पट्टीतला, दुसऱ्या कोणाचा नसलेला पत्ता देऊन ठेवावा, म्हणजे पुढे कधी त्याची सेटिंग्ज उघडायची झाली तर तो सापडतो. आतोबांकडे अ‍ॅक्सेस पॉइंटचा पर्याय होता. पाच मिनिटांत माडीवरच्या संगणकाला १९२.१६८.१.९ असा पत्ता मिळाला.

पहिल्या दाराची आणखी काही कारणं सांगून पुढे जाऊ. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक धरून घेतलाय, असं समजावं. वीज जाऊन आल्यावर राउटर उठायच्या आधी संगणक उठला की असं होऊ शकतं. वायर काढून पुन्हा घातली की बहुतेक वेळा सुटतं. लॅपटॉप चुकून पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायला जोडला असेल तर तिथली उपकरणं मुद्दामच एकमेकांना दिसू दिली जात नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर घरातला संगणक त्याला परका होऊ शकतो. आणि सगळ्यांत साधं कारण, ज्याने मला एकदा अख्खी संध्याकाळ घालवायला लावली: पलीकडचा संगणक झोपलेला असतो. पडदा काळा दिसतो म्हणून आपण समजतो, फक्त पडदाच बंद आहे.

पत्ते एका चाळीतले निघाले की दुसरं दार. त्याच काळ्या खिडकीत पिंग हा शब्द, एक मोकळी जागा आणि दुसऱ्या संगणकाचा पत्ता टाइप करा. 'रिप्लाय' अशा चार ओळी आल्या तर रस्ता मोकळा आहे. नाही आल्या तर लगेच निराश होऊ नका, कारण विंडोजची फायरवॉल कित्येकदा पिंगला उत्तरच देत नाही. इथे दोन निरोपांतला फरक उपयोगी पडतो. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर माणूस घरात असेल पण राखणदार गप्प बसला असेल. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर त्या पत्त्यावर कोणी हाकेलाच ओ देत नाही. संगणक बंद आहे, झोपलाय किंवा वायफायच दोघांना एकमेकांपासून दूर ठेवतंय.

आता खरी कसोटी. पुन्हा विंडोजची कळ आणि आर, आणि चौकटीत दोन बॅकस्लॅश, म्हणजे उलट्या तिरक्या रेघा, आणि त्यापुढे पत्ता. एंटर दाबल्यावर फोल्डर दिसले किंवा नाव-पासवर्ड विचारला गेला, तर 'नेटवर्क' चित्रात संगणक दिसत नाही याची काळजी सोडून द्या. कारण ते चित्र म्हणजे फक्त यादी आहे. यादीत नाव नाही म्हणजे माणूस घरात नाही, असं नसतं.

या यादीची कथा मजेची आहे. एक्सपीच्या काळात घरातले संगणक आपसांत चक्क निवडणूक घेत, त्यातला एक मुख्य ठरे आणि तो सगळ्यांच्या नावांची यादी ठेवी. तो मुख्य अचानक बंद झाला की यादी विस्कळीत होई, आणि बंद केलेला संगणक बराच वेळ यादीत दिसत राही. ही जुनी पद्धत फाइली देण्याघेण्याच्या एका जुन्या भाषेवर अवलंबून होती, तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. ती भाषा विंडोजने बंद करत आणल्यावर यादी वेगळ्या पद्धतीने बनू लागली. त्यासाठी विंडोजच्या 'सर्व्हिसेस' या खिडकीत 'फंक्शन डिस्कव्हरी' या शब्दांनी सुरू होणाऱ्या दोन सेवा असतात. त्यांतली 'रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा, जो संगणक दिसायला हवा त्यावर, 'ऑटोमॅटिक' करून ठेवली की यादीची तक्रार बहुधा मिटते. दोन संगणकांची नावं एकसारखी असतील, जशी एकाच दुकानदाराने बनवून दिलेल्या यंत्रांची असू शकतात, तरी गोंधळ होतो. 'वर्कग्रुप'चं नाव दोन्हीकडे सारखं हवंच, हा समज मात्र खरा नाही. त्याने यादीतली मांडणी बदलते, प्रवेश अडत नाही. आणि कोणी 'होमग्रुप' करा म्हणून सांगितलं तर तो पर्याय शोधत बसू नका. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेली ती सोय विंडोज १० मधून २०१८ साली काढून टाकण्यात आली.

राउटर पत्ते अधूनमधून बदलतो, तेव्हा पत्त्यानेच काम करायचं ठरवलं तर राउटरमध्ये तो पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवावा. 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' अशा नावाने ही सोय असते.

तिसरं दार राखणदाराचं, म्हणजे फायरवॉलचं. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. नवं नेटवर्क जोडलं की विंडोज त्याला दोनपैकी एका खान्यात टाकतं: 'पब्लिक' म्हणजे सार्वजनिक, किंवा 'प्रायव्हेट' म्हणजे घरचं. स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय सार्वजनिक, तिथे तुमचा संगणक तोंड लपवून बसतो. विंडोज १० आणि ११ नव्या नेटवर्कला सहसा सार्वजनिकच धरतात, आणि घरच्या वायफायला पहिल्यांदा जोडताना आलेला प्रश्न आपण वाचलेलाच नसतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपल्या वायफायचे किंवा वायरचे गुणधर्म, आणि तिथे 'प्रायव्हेट' निवडायचं. मग शेअरिंगच्या प्रगत पर्यायांत प्रायव्हेट नेटवर्कसाठी 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करायचं. सार्वजनिकसाठी ते बंदच ठेवायचं. एवढ्याने घरात दार उघडतं आणि लॅपटॉप बाहेर नेला की आपोआप बंद होतं.

विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यातही हे घरचं-बाहेरचं वेगळं ठरवावं लागतं. शंका दूर करण्यासाठी फायरवॉल दोन मिनिटं बंद करून पाहायला हरकत नाही. मात्र तेव्हा घराबाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढलेली असावी, आणि दोन मिनिटांनी फायरवॉल पुन्हा चालू व्हावी. बंद केल्यावर काम झालं तर दोष कुठल्या दाराशी आहे ते कळलं, एवढाच त्याचा अर्थ. ते दार काढून टाकावं, असा नव्हे.

यावर मी इतका भर का देतो, ते सांगतो. विंडोज संगणक एकमेकांशी फाइलींबद्दल ज्या भाषेत बोलतात तिला एसएमबी म्हणतात. तिचा जन्म १९८० च्या दशकात आयबीएममधला. तिची पहिली आवृत्ती एक्सपीपर्यंत एकटीच राज्य करत होती. व्हिस्टाबरोबर दुसरी आली, विंडोज ८ बरोबर तिसरी. पहिल्या आवृत्तीत एक भोक सापडलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी ते बुजवणारी दुरुस्ती दिली. ती ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर विकृती येऊन आदळली. फाइली कुलूपबंद, आणि किल्लीसाठी पैसे. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दीडशे देशांत मिळून दोन लाखांहून अधिक ठिकाणी तिची झळ बसली, असा युरोपोलचा तेव्हाचा अंदाज होता. त्यानंतर दीडच महिन्याने, २७ जून रोजी, युक्रेनमधून 'नॉटपेट्या' सुटली. तिनेही पसरण्यासाठी हेच भोक वापरलं, शिवाय संगणकांच्या स्मृतीतून चोरलेले पासवर्डही वापरले. मर्स्क ही जहाज कंपनी तिच्यात सापडली, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्कच्या उद्योगसमूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

कुठे ते बंदर आणि कुठे आतोबांची थकबाकीची यादी, असं वाटेल. घरच्या राउटरमुळे बाहेरचा माणूस थेट आपल्या संगणकापर्यंत सहसा येत नाही, हेही खरं. पण लॅपटॉप घराबाहेर जातो, कोणाच्या तरी वायफायला जोडला जातो, आणि फायरवॉल बंद असलेली असते. किंवा घरातच कोणी ई-मेलमधली भलती फाइल उघडतं. खंडणीखोर विकृती त्या लॅपटॉपवर थांबत नाही. त्याला लिहिण्याची परवानगी असलेला प्रत्येक सामायिक फोल्डर ती कुलूपबंद करत जाते. अख्खा सी ड्राइव्ह सर्वांना पूर्ण हक्कांनी खुला असेल, तर पंधरा वर्षांचे हिशेब आणि ती विकृती यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

विंडोज १० च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ही पहिली भाषा सहसा नसतेच. एक्सपीला दुसरी भाषा येत नाही. म्हणून एक्सपीचा संगणक आणि विंडोज ११ यांची बोलणी होत नाहीत, आणि इंटरनेटवर सल्ला मिळतो की 'एसएमबी १ चालू करा'. तो मानू नका. एक्सपीवरचं सगळं एकदाच पेन ड्राइव्हने किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि त्या म्हाताऱ्याला नेटवर्कमधून निवृत्त करा. काही जुन्या नेटवर्क डिस्क आणि फाइल पाठवणारे स्कॅनरही याच भाषेवर अडून बसतात. त्यांच्या सेटिंगमध्ये नवी आवृत्ती मिळते का ते आधी पाहावं. आतोबांचा संगणक विंडोज ७ चा, त्याला दुसरी भाषा येते, म्हणून आमचं भागलं. पण विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलंय, तेव्हा सभा झाली की हिशेब नव्या यंत्रावर हलवायचे, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. ही भाषा लिनक्सला शिकवणारा 'सांबा' हा प्रकल्प ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केला. एस, एम, बी ही तीन अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द त्यांनी संगणकाकडून शब्दयादीत शोधून घेतला, तेव्हा 'सांबा' निघाला. ब्राझीलच्या नाचाशी त्याचा संबंध एवढाच.

चौथं दार ओळखीचं. इथे लोक हमखास अडतात, आणि दोष त्यांचा नसतो. पलीकडचा संगणक नाव आणि पासवर्ड विचारतो. कोणाचा? ज्याच्या घरी तुम्ही जाताय त्याचा, आपला नव्हे. माडीवरच्या संगणकावरचं खातं आणि त्याचा पासवर्ड. आता आतोबांनी त्या संगणकाला पासवर्डच ठेवलेला नव्हता. "घरात चोर थोडाच येणार आहे?" हे त्यांचं म्हणणं. पण कोरा पासवर्ड असलेल्या खात्याने समोर बसून काम करता येतं, नेटवर्कवरून येता येत नाही. विंडोजने हे मुद्दाम ठरवलेलं आहे. दुसरी गोम पिनची. नव्या लॅपटॉपवर आपण चार-सहा आकड्यांचा पिन टाकून आत जातो आणि तोच आपला पासवर्ड समजतो. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर पूर्ण ई-मेल पत्ता आणि त्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि तो बहुतेकांना आठवत नाही.

मी करतो ती युक्ती अशी. ज्या संगणकावर फाइली आहेत त्यावर फाइली वाटण्यापुरतं एक वेगळं, साधं, स्थानिक खातं काढावं. आतोबांकडे इंग्रजी अक्षरांत 'हिशेब' नावाचं खातं काढलं आणि त्याला बऱ्यापैकी लांब पासवर्ड दिला. लॅपटॉपवर नाव विचारलं की माडीवरच्या संगणकाचं नाव, बॅकस्लॅश आणि मग खात्याचं नाव असं लिहायचं, नाहीतर लॅपटॉप ते आपल्याच घरचं खातं समजतो. सगळं बरोबर असूनही प्रवेश नाकारला जात असेल, तर आधी कधीतरी टाकलेला चुकीचा पासवर्ड लॅपटॉपने जपून ठेवला असण्याची शक्यता असते. कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन ती जुनी नोंद काढून टाका आणि लॅपटॉप पुन्हा चालू करा. एकाच संगणकाकडे एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जाता येत नाही, त्यावरूनही एक तक्रार येते. तिलाही हाच इलाज.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा' हा सोपा सल्लाही मिळेल. आता तो पूर्वीसारखा चालतही नाही. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत २०२४ च्या सुधारणेपासून, विनाओळख पाहुणा म्हणून दुसऱ्या संगणकावर जाणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. चांगल्या चाललेल्या जुन्या नेटवर्क डिस्क त्या सुधारणेनंतर अचानक दिसेनाशा झाल्या, त्यामागे हे एक कारण होतं.

पाचवं दार परवानगीचं. फोल्डरच्या गुणधर्मांत 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन वेगळे कप्पे असतात. एकात 'हो' आणि दुसऱ्यात 'नाही' असेल तर 'नाही'च खरं ठरतं. फाइल उघडते पण त्यात लिहिता येत नाही, ही तक्रार साधारण इथली. मात्र आतोबांनी ती माडीवर उघडी ठेवून खाली येऊन उघडली आणि 'रीड-ओन्ली' असं आलं, तर तो बिघाड नव्हे. एक्सेल एका वेळी एकालाच लिहू देतं, म्हणूनच तर दोन प्रतींचा घोळ टळतो.

आम्ही फक्त 'सोसायटी' हा एक फोल्डर 'हिशेब' खात्यासाठी खुला केला. सी ड्राइव्हवरचं 'सर्वांना, पूर्ण हक्क' काढून टाकलं. फायरवॉल दोन्हीकडे चालू केली. राउटर बदलल्यामुळे विंडोज ७ ने हे नेटवर्क घरचं की सार्वजनिक ते पुन्हा विचारलं, तिथे 'होम' निवडलं. आतोबांना एक गोष्ट मात्र बजावली, आणि ती तुम्हालाही सांगतो: नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा कचरापेटीत जात नाही, थेट जाते. तेव्हा फोल्डर सामायिक केला म्हणजे त्याची राखीव प्रत झाली, असं समजू नका. ती प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची आणि ती डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांचा फोन आला. "अरे, हिशेब दिसतायत झकास. पण आता माडीवरचा प्रिंटर रुसलाय. थकबाकीची यादी छापायचीय."

मी म्हटलं, "आतोबा, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कमध्ये जा आणि पत्ता वाचून दाखवा."

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य..."

"शून्य?"

"शून्यच. चष्मा लावलाय मी."

तो पत्ता पूर्वी कोणीतरी प्रिंटरमध्ये हाताने भरून ठेवला होता. तो काढून 'ऑटोमॅटिक' केलं आणि संगणकावर प्रिंटर नव्याने जोडला, तशी यादी छापून निघाली.